मालकाचे मौन आणि कायद्याची मुदत



ज्या विधिज्ञांच्या पुण्यस्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालविली जाते, त्यांची उभी हयात दिवाणी न्यायालयांत आणि जमीनजुमल्याच्या दाव्यांत गेली. तेव्हा त्यांच्या स्मृतीस वाहावयाचा विचार त्याच क्षेत्रातला असावा, या हेतूने मी आज प्रतिकूल कब्जाचा कायदा आणि मालकाचे हक्क हा विषय आपणापुढे मांडावयाचे ठरविले आहे. विषय रुक्ष वाटेल, परंतु ज्याच्या नावावर गावाकडे चार गुंठे जमीन आहे आणि जो स्वतः ती कसत नाही, अशा प्रत्येक माणसाच्या घरात हा विषय कधी ना कधी कुजबुजीच्या रूपाने शिरलेला असतो. "बारा वर्षे कसली की जमीन कसणाऱ्याची" हे वाक्य आपल्याकडे चावडीवर, एस. टी. च्या थांब्यावर आणि लग्नाच्या मांडवातही ऐकू येते. ते अर्धे खरे आहे, आणि अर्धे खरे असल्यामुळेच त्याने पुष्कळांची झोप उडविली आहे व पुष्कळांचा लोभ जागविला आहे.

प्रथम कायदा काय म्हणतो ते पाहू. 1963 चा मुदतीचा कायदा 1 जानेवारी 1964 पासून अंमलात आहे. त्याच्या 65 व्या अनुच्छेदानुसार, मालकीच्या आधारे स्थावर मिळकतीचा ताबा मागणाऱ्याने, प्रतिवादीचा कब्जा आपल्या हक्कास प्रतिकूल झाल्यापासून बारा वर्षांच्या आत दावा लावला पाहिजे. मिळकत सरकारची असेल तर ही मुदत तीस वर्षांची आहे. सामान्यतः मुदत संपली म्हणजे दाद मागण्याचा मार्ग तेवढा बंद होतो, मूळ हक्क जिवंत राहतो. मुदतबाह्य झालेले कर्ज न्यायालयातून वसूल होत नाही, परंतु ते कर्ज नव्हते असे कोणी म्हणत नाही. स्थावर मिळकतीच्या बाबतीत मात्र याच कायद्याचे 27 वे कलम एक पाऊल पुढे टाकते आणि सांगते की, दाव्याची मुदत संपताच मालकाचा मिळकतीवरील हक्कच नष्ट होतो. मोबदला नाही, खरेदीखत नाही, बक्षीसपत्र नाही. काळ एवढाच एक हस्तांतरकर्ता. इतक्या मोठ्या परिणामाचे समर्थन कशावर उभे आहे, हाच आजच्या व्याख्यानाचा प्रश्न होय.

चावडीवरच्या त्या वाक्यातला खोटा अर्धा भागही येथेच निकालात काढला पाहिजे. नुसता ताबा म्हणजे प्रतिकूल कब्जा नव्हे. परवानगीने राहणारा, भाड्याने राहणारा, राखणदार म्हणून ठेवलेला, नात्यामुळे आसरा दिलेला, यांपैकी कोणीही बारा काय, पन्नास वर्षे राहिला तरी मालक होत नाही. गोव्यातील एका बहीणभावाच्या वादात 2012 साली सर्वोच्च न्यायालयाने हे तत्त्व असंदिग्ध शब्दांत मांडले: विनामोबदला राहू दिलेला नातलग, काळजीवाहक किंवा नोकर हा मालकाच्या वतीने ताबा सांभाळतो, आणि कितीही वर्षे लोटली तरी त्यास मिळकतीत हितसंबंध उत्पन्न होत नाही. एकत्र कुटुंबातील किंवा सहहिस्सेदारांतील एकाचा ताबा हा कायद्याच्या दृष्टीने सर्वांचा ताबा असतो. इतरांचा हक्क उघडपणे नाकारून त्यांना हुसकून लावल्याचे सिद्ध झाल्याविना तो प्रतिकूल ठरत नाही. शिवाय 1908 च्या जुन्या कायद्यात, ताब्यावरून दूर झालेल्या मालकास आपण मागील बारा वर्षांत केव्हातरी ताब्यात होतो हे स्वतः सिद्ध करावे लागे. 1963 च्या कायद्याने ते ओझे उचलून पलीकडे ठेवले. आता मालकाने मालकी शाबीत केली की पुरे. कब्जा केव्हापासून, कोणत्या स्वरूपाचा, कोणाच्या माहितीत आणि किती अखंड होता, हे कब्जेदाराने शाबीत करावयाचे असते. कित्येक कब्जेदार पीकपाहणीचे उतारे, सारा भरल्याच्या पावत्या आणि विजेची देयके यांचा भारा घेऊन न्यायालयात येतात, आणि "कब्जा प्रतिकूल झाला तो दिवस कोणता?" या पहिल्याच प्रश्नापाशी त्यांचा दावा अडतो.

असा हा कायदा मुळात का असावा? त्याचे उत्तर शोधण्यासाठी फार दूर जावयास नको. मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटचे, म्हणजे आजच्या महात्मा जोतिबा फुले मंडईचे उदाहरण घ्या. 1865 साली मुंबई सरकारने नगरपालिकेकडून जुन्या मंडयांची जागा रिकामी करून मागितली आणि तिच्या मोबदल्यात दुसरी जागा देण्याचा ठराव केला. ही मंडई साऱ्या नगराच्या उपयोगाची असल्याने तिच्यावर भाडे आकारू नये, असाही त्या ठरावाचा आशय होता. नगरपालिकेने विश्वासाने जुनी जागा सोडली व नव्या जागेवर लक्षावधी रुपये खर्चून मंडई उभारली. मात्र कायद्याने आवश्यक असलेला विधिवत दस्तऐवज त्या काळी झालाच नाही. पाऊण शतक लोटल्यावर मुंबईच्या कलेक्टरांनी त्या जागेवर सारा बसविण्याचे ठरविले, आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचले. 1951 साली न्यायालयाने बहुमताने निर्णय दिला की, दान विधिवत नसले तरी नगरपालिकेने ती जागा स्वतःच्या हक्काने व विनासारा उघडपणे उपभोगली होती. सरकारविरुद्ध त्या काळी असलेली साठ वर्षांची मुदत केव्हाच उलटून गेली होती. म्हणून विनासारा जागा धारण करण्याचा तिचा हक्क पक्का झाला. दस्तऐवजातील एका उणिवेवर बोट ठेवून पाऊण शतकाचा व्यवहार उलटविण्याचा प्रयत्न येथे मुदतीच्या कायद्याने थांबविला, आणि तो थांबविला हे न्याय्यच झाले असे मला मनापासून वाटते.

क्रॉफर्ड मार्केटला जे संरक्षण मिळाले त्याची गरज लहान माणसाला तर अधिकच आहे. आपल्या खेड्यापाड्यांत साध्या कागदावर, पंचांच्या अंगठ्यांनिशी झालेली खरेदी, रक्कम पोहोचली पण नोंदणी राहून गेली असे साठेखत, भावाभावांत तोंडी झालेली वाटणी, अशा व्यवहारांवर उभी असलेली घरे व शेते अगणित आहेत. विकणारा पैसे घेऊन गेला, त्याच्या नातवाला सातबाऱ्यावर आजोबाचे नाव सापडले, आणि जमिनीचा भाव वधारलेला पाहून तो तीस वर्षांनी दारात उभा राहिला, तर त्या गरीब कब्जेदाराजवळ बचावास मुदतीच्या कायद्याविना दुसरे काय असते? आपल्याकडे हक्कनोंदणीतील नोंद ही मालकीचा अंतिम पुरावा नाही. ती केवळ एक अनुमान निर्माण करते. ज्या देशात कागद असा अपुरा आहे, त्या देशात दीर्घ वहिवाटीस मान देणे ही समाजस्वास्थ्याची निकड आहे. पिढ्यान् पिढ्या भांडणे उकरून काढली जाऊ नयेत, साक्षीदार मेल्यावर आणि कागदांना वाळवी लागल्यावर कोणास न्यायालयात खेचले जाऊ नये, हा राज्यव्यवस्थेचा रास्त आग्रह आहे.

आता या कायद्याची दुसरी बाजू पाहा. कोकणातील एक भाऊ पोटासाठी मुंबईस येतो, दुसरा मागे राहून भातखाचर व कलमे राखतो. वैशाखात आंब्याची पेटी येते, गणपतीस सारे एकत्र जमतात, आणि जमीन दोघांची आहे हे कोणास बोलून दाखवावे लागत नाही. थोरले गेले की पेटी येईनाशी होते. पुतण्या म्हणतो, आम्हीच कसली, आमचीच आहे. कायदा येथे मुंबईकराच्या बाजूचा आहे, हे मी आत्ताच सांगितले. परंतु तो समज, तो आपलेपणा, ज्यावर ताब्याचे खरे स्वरूप अवलंबून होते, त्याची पावती कोणी फाडलेली नसते आणि साक्ष द्यावयास कोणी उरलेले नसते. देशावरची गोष्ट याहून निराळी. तेथे बांध कोरला जातो. शेजारी दर वर्षी नांगरताना कडेचे एक तास अधिक घालतो; एका वर्षात ते डोळ्यांस दिसत नाही; दहा-पंधरा पावसाळ्यांनंतर मालकाला जाणवते की, बांधावरची जी बाभूळ दोघांच्या मधोमध होती ती शेजाऱ्याच्या पिकात उभी आहे. मोजणी आणून हद्दीच्या खुणा पटवाव्यात तो उत्तर तयार असते: बारा वर्षे उलटली. येथे मालकाने काय चूक केली? त्याने पाहिलेच नाही. आणि जे दिसू नये अशाच बेताने केले गेले, ते न पाहिल्याचा दंड म्हणून त्याची भूमी जावी काय?

आपल्या धर्मशास्त्रकारांना हा प्रश्न हजार वर्षांपूर्वी पडला होता, आणि त्यांनी त्याची जी उकल केली ती आजही विचार करण्याजोगी आहे. याज्ञवल्क्यस्मृतीत भूमीसाठी वीस वर्षांची व जंगम धनासाठी दहा वर्षांची मुदत सांगितली आहे; पण ती लागू होण्यासाठी स्मृतीने घातलेली अट अशी की, मालक ते पाहत असावा आणि पाहूनही काही बोलत नसावा. नुसते वर्षांचे मोजमाप पुरेसे नाही. मालकाचे जाणते मौन हवे. चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य याच्या कल्याणी नगरीत ज्याने मिताक्षरा लिहिली तो विज्ञानेश्वर तर याच्याही पुढे जातो. अशा उपेक्षेने मालकाची जी हानी होते ती मधल्या काळातील उत्पन्नाची, प्रत्यक्ष भूमीची नव्हे, असा अर्थ तो लावतो. शिवाय गहाण, हद्द, ठेव, बालकाचे धन, राजाचे धन अशा काही गोष्टी कितीही काळ भोगल्या तरी मूळ मालकाच्या हातून जात नाहीत, असा अपवाद स्मृतिकारांनी करून ठेवला आहे. हद्दीचा अपवाद का? कारण, मिताक्षरा सांगते, सीमेच्या ठिकाणी कोंडा, कोळसे यांसारख्या न कुजणाऱ्या खुणा पुरलेल्या असतात, त्यांवरून ती केव्हाही पटविता येते, आणि म्हणूनच मालक निर्धास्त राहतो. बांध कोरणारा शेजारी त्या ग्रंथकारांनी जणू समोर बसवून घेतला होता! भारतरत्न पां. वा. काणे यांनी आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासात भोग व आगम, म्हणजे उपभोग आणि हक्काचे मूळ, यांच्या बलाबलाचा हा सारा वाद साक्षेपाने मांडला आहे. जिज्ञासूंनी तो अवश्य पाहावा.

इंग्रजी अमदानीत प्रश्नाचा रोख बदलला. 1827 च्या मुंबई रेग्युलेशनने तीस वर्षांच्या मालकीहक्काच्या वहिवाटीस मालकीचा पुरावा मानले. पुढे 1859 पासून एकामागून एक मुदतीचे कायदे झाले, आणि बारा वर्षांची मुदत रूढ झाली. कब्जा इतका उघड असावा की दक्ष मालकास तो कळू शकेल, एवढी अपेक्षा न्यायालयांनी ठेवली; पण कळू शकेल आणि कळले यांत अंतर आहे, आणि ते अंतर मालकाच्या अंगावर टाकले गेले. मालकाच्या डोळ्यांऐवजी दिनदर्शिका प्रमाण झाली.

आपल्या सर्वोच्च न्यायालयास याची खंत वाटल्यावाचून राहिली नाही. 2008 साली गुजरातमधील एका प्रकरणात न्यायालयाने या कायद्यास अतार्किक व प्रमाणाबाहेर कठोर म्हटले आणि त्यात बदल करण्याचा गंभीर विचार केंद्र सरकारने करावा, अशी शिफारस केली. 2013 साली असे ठरले की, प्रतिकूल कब्जा ही केवळ ढाल आहे, तिच्या जोरावर कब्जेदारास स्वतः वादी होऊन मालकी मागता येणार नाही. 2019 साली तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ते मत फिरविले: हक्क एकदा पक्का झाला की तो राखण्यासाठी कब्जेदारही दावा लावू शकतो. अखेर मे 2023 मध्ये विधी आयोगाने आपल्या 280 व्या अहवालात मुदत वाढविण्याचे अथवा कायदा बदलण्याचे कारण नाही असे मत दिले, आणि त्यास काही सदस्यांची असहमतीही नोंदली गेली. मुदत बाराची वीस केल्याने मूळ दुखणे बरे होणार नाही, एवढ्यापुरता मी आयोगाशी सहमत आहे. परंतु बदलच नको, हे मला मान्य नाही. वाद वर्षांच्या संख्येचा नाहीच. तो सूचनेचा आहे.

ज्या इंग्लंडातून हा कायदा आपल्याकडे आला, तेथे काय झाले? बर्कशायर परगण्यात 'पाय' नावाच्या कंपनीची 23 हेक्टर शेतजमीन होती, पुढे घरे बांधण्याच्या उद्देशाने राखून ठेवलेली. शेजारच्या शेतकरी कुटुंबास चराईचा करार होता, तो 31 डिसेंबर 1983 रोजी संपला. नूतनीकरणाची विनंती झाली, ती मान्य झाली नाही. आणि शेतकरी मात्र गुरे चारीत राहिला. बारा वर्षे उलटली. 2002 साली इंग्लंडच्या सर्वोच्च न्यायपीठाने जमीन शेतकऱ्याची ठरविली. युरोपीय मानवाधिकार न्यायालयात प्रथम कंपनीच्या बाजूने आणि 2007 साली मोठ्या पीठापुढे दहा विरुद्ध सात मतांनी कंपनीच्या विरुद्ध निकाल लागला. इतक्या न्यायाधीशांत इतका मतभेद व्हावा, यातच त्या कायद्याची अस्वस्थता दिसते. परंतु खटला चालू असतानाच तेथील संसदेने 2002 चा भूमिनोंदणी कायदा संमत केला होता. आता नोंदलेल्या जमिनीवर दहा वर्षे कब्जा असणाऱ्याने अर्ज करावयाचा, नोंदवहीतील मालकास त्याची सूचना जावयाची, आणि मालकाने हरकत घेतली तर काही मोजके अपवाद सोडून अर्ज नामंजूर व्हावयाचा. त्यानंतरही दोन वर्षे मालक स्वस्थ बसला, तरच कब्जेदारास मालकी मिळते. पाहूनही न बोलणे, ही याज्ञवल्क्याची अटच त्या कायद्याने आपल्या रीतीने पुन्हा प्रतिष्ठित केली, असे मी म्हणेन.

आपल्याकडे सूचनेची ही कल्पना परकी नाही. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, 1966 अन्वये साधा फेरफार नोंदवावयाचा झाला तरी तलाठ्याने नोंदीची प्रत चावडीवर लावावी, हितसंबंधितांस लेखी कळवावे आणि हरकत आल्यास तिची चौकशी होऊन मगच नोंद प्रमाणित व्हावी, अशी तरतूद आहे. फेरफाराने मालकी मिळतही नाही आणि जातही नाही, हे न्यायालयांनी वारंवार सांगितले आहे. ज्या नोंदीने हक्क बदलत नाही, तिच्यासाठी नोटीस हवी. आणि ज्या काळाने संपूर्ण मालकीच पुसली जाते, त्यासाठी मात्र एक ओळही धाडावयास नको! ही विसंगती कोणत्या न्यायतत्त्वाने टिकवावी, हे मला आजवर उमगलेले नाही.

माझी सूचना म्हणून एवढीच आहे. बारा वर्षांच्या कब्जावर जो हक्क सांगू इच्छितो त्याने तो महसुली अधिकाऱ्यापुढे लेखी मांडावा. हक्कनोंदणीतील खातेदारास, तो मयत असेल तर त्याच्या वारसांस, रीतसर नोटीस जावी. आणि तेथून दोन वर्षांच्या आत मालकाने दावा लावला नाही तरच 27 वे कलम लागू व्हावे. नोटिशीने कब्जेदार उघडा पडेल आणि म्हणून तो अर्जच करणार नाही, असा आक्षेप घेतला जाईल. न करो, ज्याला आपला दावा मालकाच्या कानांवर घालण्याचे धैर्य नाही, त्याच्या कब्जास उघड म्हणावे तरी कसे? ज्याने प्रामाणिकपणे मोल देऊन, पण सदोष दस्ताने जमीन घेतली, त्याला मात्र ही अट लावू नये. त्याचा विक्रेता व्यवहार जाणतोच, त्याला वेगळी सूचना ती कशाला? क्रॉफर्ड मार्केटचे संरक्षण अशा माणसास पूर्ववत राहिले पाहिजे. आणि हद्दीच्या वादात, जोवर मोजणीने खुणा पटविता येतात तोवर, काळाचा बचाव ऐकूच नये, असे स्मृतिकारांप्रमाणे मलाही वाटते.

एक बाब याहून गंभीर आहे. हा बचाव प्रत्यक्ष राज्यसंस्थेने आपल्याच प्रजेविरुद्ध घ्यावा काय? हरियाणाच्या पोलीस खात्याने एका नागरिकाच्या जागेवर असा हक्क सांगितला, तेव्हा 2011 साली सर्वोच्च न्यायालयाने दंडासह तो फेटाळला आणि रक्षण करणाऱ्याने असे वागावे याबद्दल तीव्र नापसंती दर्शविली. हिमाचल प्रदेशात 1967-68 साली एका निरक्षर विधवेची जमीन, कसलीही संपादनाची कार्यवाही न करता, रस्त्यासाठी घेतली गेली. चार दशकांनंतर ती वृद्धा न्यायालयात आली, तेव्हा राज्याने उत्तर दिले की आमचा कब्जा प्रतिकूल असून हक्क पक्का झाला आहे. 2020 साली न्यायालयाने ते धुडकावून तिला भरपाई देवविली. आपल्या ठाणे जिल्ह्यातही 1964 पासून ताब्यात घेतलेल्या व मोबदला न दिलेल्या जमिनीच्या प्रकरणी, विलंब झाला ही सबब राज्यास पुढे करता येणार नाही, असे 2012 साली ठरले. चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून काढला, तरी 300-अ या अनुच्छेदात तो घटनात्मक हक्क म्हणून राहिला, आणि 2024 साली न्यायालयाने त्या अनुच्छेदात गर्भित असलेली सात अंगे सांगताना नोटीस मिळण्याचा हक्क सर्वांत प्रथम ठेवला. जी राज्यसंस्था जमीन संपादताना नोटीस देण्यास बांधलेली आहे, तिला नोटीस न देता, संपादन न करता, केवळ बसून राहून तीच जमीन मिळविता यावी, हे घटनेच्या राज्यात अशक्य असले पाहिजे. आणि ते न्यायाधीशांच्या विवेकावर न सोडता कायद्याच्या शब्दांत लिहिले गेले पाहिजे.

मालकांसाठीही दोन शब्द. हक्क सांभाळावा लागतो. ज्यांची जमीन दुसरा कसतो त्यांनी नात्याची भीड न धरता एका कागदावर परवानगी लिहून ठेवावी, वर्षातून एकदा सातबाऱ्याचा उतारा पाहावा, पीकपाहणीत कोणाचे नाव येते ते तपासावे, दहा वर्षांतून एकदा तरी सरकारी मोजणी करवावी, आणि वारसांची नोंद वेळीच लावावी. परंतु दक्षतेचा हा उपदेश करण्याचा अधिकार कायद्यास केव्हा पोहोचतो? त्याने मालकास प्रथम हाक मारली असेल तेव्हाच. दोन माणसांत झालेल्या दीर्घ आणि जाणत्या मौनाला कायद्याने अवश्य मान द्यावा. तो समाजाच्या शांततेचा आधार आहे. न ऐकलेल्या हाकेला ओ दिली नाही म्हणून मात्र कोणाची भूमी जाऊ नये, इतका साधा न्याय आपल्या मुदतीच्या कायद्यात उतरावा, आणि तो उतरविण्यासाठी आपल्या लोकप्रतिनिधींकडे आपण सर्वांनी आग्रह धरावा, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.